नाताळचे ताट : चुलीपाशी जपलेला इतिहास

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांच्या स्वाधीन करणारा तह केला. उत्तरेकडून हुमायूनचे संकट डोक्यावर होते आणि त्याला समुद्रावरच्या मित्राची गरज होती. त्या वेळी नाताळ अवघ्या दोन दिवसांवर आला होता. इतिहासाच्या पुस्तकांत या तहाची चर्चा होते ती किल्ला, जकात आणि आरमार यांच्या संदर्भात. परंतु त्या तहानंतरच्या दोन शतकांत आपल्या किनाऱ्यावर जे उतरले, त्यातले बरेचसे अजून आपल्या घरात आहे. किल्ला पडीक झाला, तोफा गंजल्या. मात्र डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या आयाबहिणी कढई चुलीवर चढवतात, तेव्हा तोच इतिहास पुन्हा तळला जातो.

आगमनकाळात आपण प्रभूच्या येण्याची वाट पाहतो. त्या वाट पाहण्याला एक वासही असतो. भाजलेल्या रव्याचा, वेलची-जायफळाचा, नारळाच्या आटत आलेल्या दुधाचा. हा वास आपल्या घरात कोठून आला, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ‘तुमचे हे सगळे फिरंगी,’ असे कुणी म्हटले की आपण एक तर गप्प बसतो, नाही तर उगाच अभिमानाने फुगतो. या दोन्हींऐवजी एकदा ताटावरचा रुमाल बाजूला सारून एकेक जिन्नस नीट पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्दांची साक्ष

कागदपत्रे नष्ट होतात. शब्द मात्र टिकतात. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज आहे आणि आज तो ख्रिस्ती घरांपुरता राहिलेला नाही. साऱ्या महाराष्ट्राने तो आपलासा केला आहे. पाव, बटाटा, काजू, अननस, पपई, कोबी ही नावे त्याच वाटेने आली. स्वयंपाकघरातील भांडीकुंडी पाहावीत तर बादली, घमेले आणि पिंप हेही शब्द पोर्तुगीजच. मूठभर जिन्नस आणि चार भांडी घेऊन एक परकी भाषा आपल्या माजघरात शिरली आणि दारावरची पाटी न बदलता मराठी होऊन राहिली.

पोर्तुगीज खलाशी लांबच्या प्रवासात डुकराचे मांस द्राक्षमद्य आणि लसूण यांत घालून पिंपात मुरवीत असत. मद्य आणि लसूण यांच्या पोर्तुगीज नावावरून गोव्यात ‘विंदालू’ झाले आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत ‘इंद्याल’. येथे द्राक्षमद्य मिळेना, म्हणून माडीपासून केलेला सिरका आला. मिरची अमेरिकेतून आली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणा होता तो मिरी, पिंपळी आणि आले यांचा. आज ज्या लाल मिरचीशिवाय मराठी स्वयंपाकाची कल्पनाही करता येत नाही, ती पोर्तुगीज येण्यापूर्वी या देशात कुणालाही ठाऊक नव्हती. तेव्हा परके कुणाला म्हणायचे? सोरपोतेलला परके म्हणणाऱ्याने आपल्या ठेच्याचीही झडती द्यायला हवी.

सोरपोतेल हा मूळचा पोर्तुगालचा पदार्थ. तो ब्राझीलमध्येही खातात. त्यामागे शेतकऱ्याचा साधा विचार आहे. सणासाठी जनावर कापले की त्याचे काळीज, यकृत, रक्त यांतले काहीही वाया जाऊ द्यायचे नाही. सिरक्यामुळे तो रस्सा दिवसेंदिवस मुरतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अधिक रुचकर लागतो. गरिबाच्या काटकसरीतून श्रीमंत चव निर्माण झाली, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

साखरेचा फेरा

सणाचा खरा मान गोडाला. आणि गोडाची कथा तर अधिकच लांबची आहे. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या प्राचीन भारतात सिद्ध झाली. ‘शर्करा’ हा आपला शब्द इराणी आणि अरबी लोकांच्या तोंडून पश्चिमेकडे गेला आणि पोर्तुगीज भाषेत तो ‘असूकार’ झाला. पंधराव्या शतकात पोर्तुगिजांनी मदेरा बेटावर ऊस लावला, सोळाव्या शतकात ब्राझीलमध्ये. तेथे तो ऊस तोडण्यासाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम करून नेली गेली. युरोपातील मिठाई स्वस्त झाली ती या माणसांच्या घामावर व रक्तावर. आपण नाताळच्या मिठाईचा इतिहास सांगताना हे पान गाळून चालणार नाही. कारण ज्या बाळाचा जन्म आपण साजरा करतो, ते गोठ्यात जन्मले होते, मळेवाल्याच्या वाड्यात नव्हे.

अशा रीतीने आपलीच साखर जगाची प्रदक्षिणा करून, बदाम आणि अंडी यांचा हात धरून, मठवासिनींच्या पाककृतींच्या रूपाने परत आली. पोर्तुगालच्या मठांत अंड्याच्या पांढऱ्या भागाने वस्त्रांना खळ दिली जाई. उरलेल्या बलकांचे काय करायचे, या प्रश्नातून तेथील अनेक पिवळ्याधमक मिठाया जन्माला आल्या, असे परंपरा सांगते. जुन्या गोव्यात सांता मोनिका हा भगिनींचा मठ १६०६ साली स्थापन झाला. गोव्याची प्रसिद्ध बिबिंका याच मठातल्या एका भगिनीने प्रथम केली, अशी दंतकथा आहे. दंतकथेला पुरावा मागू नये. पण बिबिंका कशी होते, हे पाहिले की ती मठातच सुचावी असे मात्र वाटते, कारण तिला तेवढीच शांती आणि तेवढाच धीर लागतो.

दहा-बारा अंड्यांचे बलक, दोन नारळांचे दाट दूध, अर्धा किलो साखर, पाव किलो मैदा, थोडे जायफळ आणि मुबलक तूप. जिन्नस इतकेच. घरात भट्टी नसे, म्हणून भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून वरून आच देत. पहिला पातळ थर ओतायचा, तो तांबूस होईपर्यंत वाट पाहायची, त्यावर तूप सोडायचे आणि मगच दुसरा थर. असे निदान सात थर. हौस असेल तर सोळासुद्धा. एक थर घाईने ओतला की सारे ताट बिघडते. नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांवर सारी दुपार अशी जाते. २०२३ साली या बिबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. पण कोणत्याही मानांकनाच्या कागदावर त्या दुपारची नोंद होत नाही.

बदामाच्या मार्झिपॅनचीही तीच गत झाली. बदाम महाग, म्हणून गोव्यात काजू आला. आणि तो काजूही पोर्तुगिजांनीच ब्राझीलमधून आणलेला. ‘पेराद’ ही पेरूची वडी. पोर्तुगालमध्ये या नावाची वडी नासपतीची असते. येथे नाव तेच राहिले आणि फळ बदलले. आलेली पाककृती जशीच्या तशी ठेवायची नाही आणि टाकूनही द्यायची नाही, ही आपल्या पूर्वजांची रीत येथे स्पष्ट दिसते.

आपल्या मातीतले

आता ताटाची दुसरी बाजू. नेवरी म्हणजे आपली करंजीच. दिवाळीत शेजारच्या घरी जी तळली जाते, तीच नाताळात आपल्याकडे. गोव्यात १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात. नवे तांदूळ, गूळ आणि नारळ. श्रावण-भाद्रपदात हिंदू घरांतही त्याच पानाचा वास दरवळत असतो. ज्या महिन्यात हळदीची पाने लुसलुशीत होतात, त्या महिन्यात ती वापरायची, हे पंचांगाआधी मातीने ठरवलेले आहे. मुंबईकडील ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरमध्ये नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. त्या सणाचे ‘आगेरा’ हे नाव शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. लोंब्या मात्र आपल्याच शेतातल्या.

आणि फुगे! नावच किती मराठी. मैदा, अंडी, साखर, नारळाचे दूध आणि खमीर. पूर्वी खमीर म्हणून ताडी वापरीत. झाडावरून उतरवलेल्या ताडीत निसर्गतःच किण्व असते. ते पिठातली साखर खाते आणि त्यातून निघणाऱ्या वायूने पीठ फुगते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडीही बंदीत आली आणि घरोघरी दुकानातले यीस्ट रुळले. पीठ सैलसर भिजवून, हाताने भरपूर फेटून, मोठ्या पातेल्यात झाकून रात्रभर ऊबेला ठेवायचे. पहाटे ते दुप्पट होऊन झाकण उचलू लागते. मग ओल्या हाताची मूठ करून अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पिठाची गोळी वर दाबायची आणि अलगद कढईत सोडायची. तेलात पडताच ती गोल फुगते आणि बहुधा स्वतःच उलटते. ही मूठ पुस्तकातून शिकता येत नाही. ती आईच्या शेजारी पाटावर बसूनच शिकावी लागते.

मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्याला खमिराची उपमा दिली आहे. एक स्त्री ते तीन मापे पिठात लपवते आणि सारे पीठ फुगते. सेमिनरीत या दृष्टांताचे अनेक अर्थ आम्ही शिकलो. पण झाकणाखालचे पीठ रात्री दोन वेळा उठून पाहणाऱ्या आईच्या मुलाला तो दृष्टांत आधीच समजलेला असतो. प्रभूने राज्य कुणाच्या हाती दिले आहे, हेही त्याला ठाऊक असते.

कुलकुले करण्याची तऱ्हा तर सर्व घराला एकत्र बसवणारी. रवा-मैदा नारळाच्या दुधात मळायचा, छोटी गोळी नव्या फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून वळवायची. गोव्यात त्यांना ‘किड्यो’ म्हणतात. लहान मुलांना पहिले काम हेच मिळे. जात्यावर दळणे, पाट्यावर वाटणे, उखळात कांडणे ही कामे मोठ्यांची. विळीवर नारळ खवणे थोरल्या मुलीचे. उन्हाळ्यात अंगणातल्या लाकडी उखळात बायका मिळून वर्षाचा मसाला कांडीत आणि तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरीत. ‘बाटली मसाला’ हे नाव त्यावरूनच पडले. केकसाठी भट्टी नव्हती तर पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवीत. पुढे शिटी व रबर काढलेला कुकर त्या कामी आला. कुणी आपले ताट घेऊन पाववाल्याच्या भट्टीपुढे रांग लावी. साधने बदलली, तरी ‘नाही’ म्हणून काम अडले नाही.

भातातले मीठ

येथे एका दुखऱ्या गोष्टीचा उल्लेख करणे मला धर्मगुरू म्हणून कर्तव्य वाटते. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले आणि ते कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे बजावले. १७३६ साली धर्मन्यायालयाने काढलेल्या हुकूमनाम्यात तर लग्नातील हळद, विडा, फुले, घराजवळची तुळस यांच्यावर बंदी घातली गेली. आणि हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवू नये, असेही फर्मावले गेले. मीठ भात शिजताना घालायचे की ताटात, हा प्रश्न धर्माचा मानला गेला!

ज्या प्रभूने जकातदारांच्या पंगतीला बसून जेवण केले आणि बाहेरून तोंडात जाणारे माणसाला भ्रष्ट करीत नाही अशी शिकवण दिली, त्याच्या नावाने कुणाच्या तरी पातेल्याचे झाकण उचलून पाहिले गेले. हे आपल्या ख्रिस्तसभेचे पाप आहे. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतकाळात केलेल्या अपराधांबद्दल, सत्याच्या नावाखाली वापरलेल्या जबरदस्तीबद्दल, जाहीर क्षमा मागितली. आपल्या भातातले मीठही त्या क्षमायाचनेत मोडते, असे मी समजतो.

मग प्रश्न उरतो, की हळदीवर बंदी घालणारा हुकूमनामा गेला आणि हळदीच्या पानातली पातोळी राहिली, ती कशी? पंडितांनी वाद घालून ती वाचवली नाही. कुणी तरी बाईने दरवर्षी परड्यातले पान तोडले, पुसले, त्यावर पीठ थापले आणि ते मरियेच्या सणाला उकडले. व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत मातृभाषेला वाट करून दिली आणि वेदीवर मराठी आली. चुलीपाशी मात्र मराठी कधी सुटलीच नव्हती.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. पोर्तुगीज अधिकारी गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय धर्मगुरूही गेले. १८१८ साली इंग्रज येईपर्यंत येथे ना राजाश्रय होता, ना युरोपातून येणारी मदत. देशी धर्मगुरूंनी श्रद्धा सांभाळली हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या जोडीला घरोघरच्या स्त्रियाही होत्या. ज्या श्रद्धेला केवळ सत्तेचा आधार असतो, ती सत्तेबरोबर जाते. आपली श्रद्धा राहिली.

रुमालाखालचे ताट

पोर्तुगीज भाषेत नाताळच्या आदल्या रात्रीच्या, उपवासानंतरच्या जेवणाला ‘कोन्सुवाद’ म्हणतात. गोव्यात तो शब्द शेजाऱ्यांकडे पाठवायच्या मिठाईला लागला आणि मंगळूरचा ‘कुस्वार’ही त्यातूनच आला, असे मानले जाते. शब्दाचा हा प्रवास मला फार बोलका वाटतो. तेथे ते घरातल्यांचे जेवण होते. येथे ते शेजाऱ्याचे ताट झाले.

१९६६ पर्यंत नाताळच्या आदल्या दिवशी उपवास बंधनकारक होता. आमच्या आजीच्या पिढीने दिवसभर मिठाईच्या वासात उपाशी राहून ती ताटे भरली. आधी पाठवायचे, मग खायचे. हा क्रम नियमातून आला, पण तो नियम गेल्यावरही कितीतरी घरांत टिकला.

तरुणपणी, नव्यानेच दीक्षा झाली असताना, मी एका आगमनकाळात प्रवचनात जरा कडक बोललो होतो. आयाबायांनी तळणात गुंतून न पडता अधिक वेळ प्रार्थनेला द्यावा, मार्था होण्यापेक्षा मरिया व्हावे, असे माझे सांगणे होते. मिस्सानंतर एक वृद्ध बाई दारापाशी थांबली. म्हणाली, “फादर, गेल्या साली आमच्या घरी दुःख होतं. कढई चढली नाही. चोवीस तारखेला संध्याकाळी नऊ घरांतून नऊ ताटं आली. त्यातलं एक ताट बाजूच्या भटीणबाईंचं होतं. यंदा मला ती नऊ ताटं परत करायची आहेत. प्रार्थनेला उशीर झाला तर देवाला तुम्हीच सांगा.” मी काय उत्तर दिले ते आठवत नाही, बहुधा काहीच दिले नसावे. त्या वर्षी कबुलीजबाब ऐकताना मला वारंवार वाटत राहिले की खरा कबुलीजबाब मीच द्यायला हवा होता.

दुःखाच्या घरी वर्षभर तळण होत नाही, आणि म्हणूनच त्या घरी सर्वांत आधी ताट जाते. ही आपल्या समाजाची रीत आहे. सणाच्या दिवशी शोक करणाऱ्याला एकटे सोडायचे नाही, यापेक्षा देवाच्या देहधारणेचे सोपे विवरण मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही.

आता काळ बदलला आहे. घरातील स्त्री सकाळच्या लोकलने चर्चगेटला जाते आणि रात्री परतते. तिने पहाटे उठून उखळात मसाला कांडावा असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही पुरुषाला नाही. धर्मगुरूला तर नाहीच नाही. आजींच्या हातांना पडलेले घट्टे आपण कौतुकाने आठवतो, पण ते घट्टे कमी व्हावेत म्हणून त्या काळी कुणी पुरुष खवणीला बसला नाही, हेही आठवले पाहिजे. मिक्सर आला, तयार पीठ आले, विकतचे डबे आले. त्याबद्दल खंत करण्यात अर्थ नाही. सगळेच विकत आणले तरी नाताळ साजरा होतोच.

मात्र एक गोष्ट विकत मिळत नाही. विकतच्या डब्यावर किंमत छापलेली असते, आणि किंमत दिसली की घेणारा परतफेडीचा हिशोब करू लागतो. घरी वळलेल्या वेड्यावाकड्या कुलकुल्यांना किंमत नसते. त्यांत वेळ असतो, आणि वेळेची परतफेड वेळेनेच करावी लागते. म्हणून माझी प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे. या आगमनकाळात एखादा रविवार ठरवावा. एकच पदार्थ निवडावा. पुरुषांनी नारळ खवावा, मुलांनी फणीवर कुलकुले वळावेत आणि आजीला पाटावर नव्हे, खुर्चीवर बसवून तिच्या तोंडून मापे लिहून घ्यावीत. ‘अंदाजाने’ असे ती म्हणाली तर तिच्या मुठीखाली वाटी धरावी. ती मूठ वाटीत किती भरते, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

आणि पहिले ताट भरले की ते कुणाच्या घरी जाणार, हे कढई चुलीवर चढवण्यापूर्वीच ठरवावे.